उमेदवारी ते एंट्रन्स : देवासकरांची निकालाची वाट

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या संदर्भात इतक्या वेळा कानांवर पडतो की त्याच्या पोटातील मूळ अर्थ आपल्या लक्षातही येत नाही. फारसीतील ‘उमेद’ म्हणजे आशा; आशेवर असलेला तो उमेदवार. संस्थानी काळात नेमणुकीच्या आशेने, पगार न घेता, कचेरीत वर्षानुवर्षे खर्डे उतरवणाऱ्या आणि दप्तरे बांधणाऱ्या तरुणाला हे नाव होते. त्याच्या त्या अवस्थेस ‘उमेदवारी करणे’ म्हणत. ‘निकाल’ हा शब्दही असाच. शाळेत शिरण्यापूर्वी तो कचेरीत नांदत होता. तंट्याचा निकाल लागे, अर्जाचा निकाल लागे, आणि पुष्कळदा तो वर्षानुवर्षे लागत नसे. परीक्षेच्या निकालाची वाट पाहणे म्हणून जे आपण आज ओळखतो, ते या जुन्या कचेरीतील वाट पाहण्याचेच वंशज आहे, असे मला वाटते. आपल्या देवासमध्ये हे नाते जितके स्पष्ट दिसते तितके ते पुण्या-मुंबईस दिसत नसावे. म्हणून हा लेखप्रपंच.

देवासची हकीकत आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. पहिल्या बाजीरावाच्या माळव्यातील स्वाऱ्यांबरोबर तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू इकडे आले, आणि त्यांच्या दोन शाखांची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदू लागली. दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९१२ साली येथे प्रथम आला आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. त्यालाही या जोडराज्याचे मोठे नवल वाटले होते. ‘द हिल ऑफ देवी’ या त्याच्या १९५३ मधील पुस्तकाचे नावच आपल्या टेकडीवरून आले आहे.

या दोन दरबारांच्या आश्रयाने जी मराठी घराणी येथे स्थिरावली, त्यांपैकी थोड्यांना इनामे-जहागिरी होत्या. उरलेल्यांचा चरितार्थ लेखणीवर चाले. फडणिशी, चिटणिशी, कारकुनी, पुढे मास्तरकी आणि वकिली हेच त्यांचे शेत. दक्षिणेतील गावी जी जमीन सोडून ते आले होते, ती दोन पिढ्यांत भाऊबंदांकडे गेली होती. परत जायला जागा नाही आणि येथे मातीत मूळ नाही, अशी ही स्थिती. बापाच्या जागी मुलगा चिकटला तर घर तरले. न चिकटला तर इंदूर, उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे एकेका दरबाराचे दार ठोठावत हिंडायचे. हे दार उघडण्याची किल्ली फार काळ शिफारस हीच होती. कोणाचा मेहुणा दिवाणांच्या बैठकीत आहे, कोणाच्या आजोबांनी कोणत्या मोहिमेत चाकरी केली, यावर मुलाचे भवितव्य ठरे. ज्याला असा मेहुणा नसे तो उमेदवारी करी.

परीक्षा घेऊन चाकरी द्यावी ही कल्पना आपल्या देशात इंग्रजांबरोबर आली. पण ती मूळची चीनची. तेथे ती शेकडो वर्षे चालून १९०५ साली बंद झाली. चिनी साहित्यातील एका प्रसिद्ध कादंबरीत फान चिन नावाचा दरिद्री विद्वान आहे. उतारवयापर्यंत वाट पाहिल्यावर एके दिवशी उत्तीर्ण झाल्याची वार्ता येते आणि ती ऐकून त्याचे भान हरपते. वाट पाहण्याचे दुखणे निकाल चांगला लागल्यानेही उलटू शकते, हे त्या लेखकाने अठराव्या शतकातच ओळखले होते. इंग्रजांनी १८५५ पासून सिव्हिल सर्व्हिसची खुली परीक्षा लंडनमध्ये घ्यावयास आरंभ केला आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. पहिल्या परीक्षांचा धाक काय होता याची कल्पना एका गोष्टीवरून येईल. १८५८ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. परीक्षेत बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बसू हे दोघेच उत्तीर्ण झाले, आणि तेही एका विषयात कृपागुण देऊन.

माळव्यातील शाळा आरंभी याच कलकत्ता विद्यापीठाकडे पाहत. १८८७ साली अलाहाबादचे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा आपले तोंड तिकडे वळू लागले, आणि १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर संपूर्ण मध्य हिंदुस्थान एजन्सी रीतसर अलाहाबादच्या कक्षेत गेली. येथे एक बारीक गोष्ट नमूद करतो. मुंबई इलाख्यात ज्या परीक्षेला ‘मॅट्रिक’ म्हणत तिला आपल्याकडे ‘एंट्रन्स’ म्हणत. दक्षिणेतून आलेल्या सुना सासरी ‘भावजी मॅट्रिक झाले का?’ असे विचारीत आणि घरातील वडीलधारी ‘एंट्रन्स’ अशी दुरुस्ती करीत. माझ्या आजीने ही दुरुस्ती अखेरपर्यंत मानली नाही.

त्या काळी देवासला लोहमार्ग नव्हता. आग्रा-मुंबई रस्त्याने इंदूर गाठायचे, सुमारे ३५ किलोमीटर. तेथून १८७० च्या दशकात झालेल्या होळकर रेल्वेने खांडवा. खांडव्याहून जबलपूरमार्गे अलाहाबाद. मुलाने तीन-चार दिवसांत लिहिलेले पेपर इतके अंतर तोडून जात. ते तेथे कोण तपासतो, तो कोणत्या प्रांताचा, आपल्या मुलाची मराठी वळणाची इंग्रजी त्याला रुचते की नाही, यांपैकी काहीही येथे कळण्याचा मार्ग नव्हता. दिवाण रागावले तर त्यांच्या वाड्यावर जाऊन पाय धरता येत. अलाहाबादेस कोणाचे पाय धरणार? निकालाच्या चिंतेचे हे नवे रूप होते. जुन्या उमेदवाराला आपले भाग्य कोणाच्या हाती आहे हे ठाऊक असे आणि त्या माणसाचा चेहरा रोज पाहता येई. नव्या उमेदवाराचे भाग्य एका अदृश्य हाती गेले. मात्र त्या बदल्यात त्याला काहीतरी मिळाले होते, हेही विसरता कामा नये. ज्या पोराचा मेहुणा कोणत्याही बैठकीत नव्हता, त्याचेही पेपर त्याच गठ्ठ्यात होते.

या अलाहाबादच्या गठ्ठ्यात १८९३ साली आपल्या देवासच्या एका विद्यार्थ्याचे पेपर होते. भास्कर रामचंद्र तांबे. जन्म ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा, शिक्षण झाशी आणि देवास येथे. त्या वर्षी ते अलाहाबाद विद्यापीठाची एंट्रन्स परीक्षा उत्तीर्ण झाले. तांब्यांच्या पुढील आयुष्याचा नकाशा पाहिला की त्या एका निकालाने काय केले आणि काय केले नाही, हे दोन्ही कळते. पदवीपर्यंतचे शिक्षण त्यांना घेता आले नाही. पण एंट्रन्सच्या बळावर ते राजपुत्रांचे शिक्षक झाले, आणि पुढे संस्थानी नोकरीतील निरनिराळी कामे त्यांच्याकडे आली. १९३५ मध्ये माधव ज्यूलियन यांनी त्यांची समग्र कविता संपादित केली. १९३७ मध्ये ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले. ७ डिसेंबर १९४१ रोजी निवर्तले. मराठी भावगीताला ज्याने वळण दिले त्या कवीच्या नावापुढे शिक्षणाच्या रकान्यात ‘एंट्रन्स’ एवढाच शब्द आहे. आपल्या घरांतून मुलांना तांब्यांचे उदाहरण नेहमी दिले जाई, पण दोन अगदी विरुद्ध कामांसाठी. निकाल लागण्यापूर्वी ‘तांबे बघ, देवासात शिकून एंट्रन्स झाले’ असे सांगत. आणि निकाल वाईट लागला तर ‘तांबे तरी कुठे बी.ए. झाले होते?’ असे समाधान करीत. एकच चरित्र दोन्ही औषधांना चाले.

निकाल प्रथम सरकारी गॅझेटात येई. पुढे अलाहाबादच्या इंग्रजी पत्रांत याद्या छापल्या जाऊ लागल्या. मदनमोहन मालवीयांच्या पुढाकाराने १९०९ साली निघालेल्या ‘लीडर’चे नाव या संदर्भात जुन्या मंडळींकडून मी पुष्कळदा ऐकले आहे. अंक येथे पोहोचेपर्यंत दोन-तीन दिवस जात, आणि ज्यांचे नातलग त्या बाजूस असत त्यांना तार येई. तारेची भीती मोठी. मृत्यूची वार्ताही तारेनेच येत असल्यामुळे तारवाला दाराशी थांबला की घरातील बायका आधी रडू लागत आणि मग मजकूर वाचला जाई. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोपर्यंत निकालाशी तिचा संबंध केव्हाच तुटला होता.

निकालाचे गाव या काळात वरचेवर बदलत गेले. १९२१ च्या कायद्याने संयुक्त प्रांताचे हायस्कूल व इंटरमीजिएट परीक्षा मंडळ निघाले आणि राजपुताना, मध्य हिंदुस्थान व ग्वाल्हेर त्याच्या कक्षेत आले. १९२९ मध्ये या प्रदेशांसाठी अजमेर येथे राजपुताना बोर्ड स्थापन झाले. हेच बोर्ड पुढे १९५२ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षा मंडळ झाले, हे आज फारच थोड्यांना ठाऊक असते. देवास १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्यप्रदेशात आले, आणि १९६५ च्या कायद्यानंतर भोपाळचे माध्यमिक शिक्षा मंडळ आपले झाले. कलकत्ता, अलाहाबाद, अजमेर, भोपाळ. एकाच वाड्यातील चार पिढ्यांनी चार दिशांना तोंड करून निकालाची वाट पाहिली.

निकाल हा मुलाचा एकट्याचा नसतो, हे या काळातील थोरांच्या चरित्रांतूनही दिसते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या गौरवासाठी मुंबईत सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. तो निकाल एका समाजाचा होता. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झाले. तेथे ही यादी सिनेट हाउसमध्ये क्रमाने मोठ्याने वाचण्याची रीत होती. हजारो कोसांवरच्या पुण्याने तो मान आपलाच मानला. (अशी क्रमवारी लावण्याची पद्धत केंब्रिजने १९०९ नंतर सोडून दिली. आपण ती अद्याप सोडलेली नाही.) परांजप्यांचेच आप्त धोंडो केशव कर्वे यांची कथा याच्या अगदी उलट. १८७५ साली भर पावसात ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभरांहून अधिक मैल चालत गेले, ते मराठी सहावीच्या सार्वजनिक परीक्षेस बसण्यासाठी. तेथे समितीने त्यांना पाहिले आणि वयाने लहान दिसतो म्हणून बसूच दिले नाही. एकही पेपर न लिहिता निकाल लागला. पुढे कोल्हापुरास जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. परतीच्या वाटेवर त्या मुलाच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी स्वतःच्या निकालाच्या वेळी पुष्कळ केला होता.

आता आपल्या घरांकडे वळू. परीक्षा मार्चमध्ये संपे आणि निकाल जूनमध्ये येई. मध्ये एप्रिल-मेचा दीर्घ उन्हाळा. दुपारी लू वाहते आहे, खसाच्या ताट्यांवर पाणी शिंपडले जाते आहे, आणि घरात एक मुलगा आहे ज्याच्याशी कोणीही परीक्षेविषयी बोलत नाही. हे न बोलणे हाच आपल्या घरांचा मुख्य उपचार होता. त्याचा गुण किती आणि अपाय किती, याविषयी माझे मत अजून निश्चित नाही. आजी ‘पास होईल’ असे कधी म्हणत नसे, दृष्ट लागते. ‘नाही आलं नाव तर पुढच्या वर्षी बसेल, शाळा काही पळून जात नाही,’ हे तिचे ठरलेले वाक्य. मुलाला ते टोचे. पण घराने वाईटाची तयारी ठेवली आहे, आपण नापास झालो तरी आपले ताट वाढले जाईल, हेही त्यातून त्याला कळे.

दुसरा उपचार टेकडीचा. पहाटे उठून माताजीच्या टेकडीवर जायचे, तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन्ही देवींचे दर्शन घ्यायचे, आणि उन्हे चढण्यापूर्वी खाली यायचे. नवस कोणी बोलत, कोणी बोलत नसत. मी श्रद्धेचा न्यायाधीश होऊ इच्छित नाही. परंतु झोप न आलेल्या मुलाला पहाटे अंथरुणातून काढून चढणीवर घाम गाळावयास लावणे आणि वर गेल्यावर गार वाऱ्यात उभे करणे, यात देवीखेरीजही काही शहाणपण होते. टेकडीवर त्या दिवसांत परीक्षेला बसलेली सगळीच मुले भेटत. कोणी कोणाला काही विचारीत नसे, पण आपण एकटे नाही एवढे कळे.

अलीकडे या विषयावर शास्त्रीय अभ्यासही झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातील केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वकिलीच्या परीक्षेला बसलेल्या २३० उमेदवारांचा, निकालापूर्वीच्या चार महिन्यांतील मनःस्थितीचा मागोवा घेतला. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मन दुसरीकडे वळवणे, चांगलेच होईल असे स्वतःला पटवणे, या युक्त्यांचा चिंता कमी होण्यास फारसा उपयोग दिसला नाही. उलट, ज्यांनी हा काळ तळमळत काढला, त्यांना वाईट निकाल पचवणे तुलनेने सोपे गेले आणि चांगल्या निकालाचा आनंदही अधिक झाला. याच गटाच्या पुढील कामात असे आढळले की, ज्यात माणूस रमून जातो आणि ज्याला थोडे कौशल्य लागते अशा कामात गुंतल्याने हा काळ सुसह्य होतो. नुसती करमणूक तेवढे करू शकत नाही. आजीचे वाक्य आणि हा निष्कर्ष मी शेजारी ठेवतो. अधिक टीका करीत नाही.

मात्र या साऱ्या उपचारांच्या पलीकडे काय घडू शकते, ते आमच्याच घरात मी पाहिले आहे, आणि त्यात दोष माझा होता. १९६० चा जून. माझा आतेभाऊ शिक्षणासाठी आमच्याकडे राहत असे. आम्ही सारे त्याला दादा म्हणत असू. त्याची हायस्कूलची परीक्षा झाली होती. इंदूरहून पहिल्या मोटारीने वर्तमानपत्र आले आणि चौकातील एका दुकानाबाहेर त्याची पाने टांगली गेली. वडील कचेरीत होते. दादा जाण्यास तयार होईना. मी दहा वर्षांचा, मला पाठवले. घाईत आत्याने दादाचा नंबर माझ्या तळहातावर शाईने लिहिला. चौकात ही गर्दी. मोठ्या मुलांच्या कोपरांखालून मी पुढे घुसलो, तोवर घामाने शाई पसरली होती. तिसरा आकडा तीन की आठ हे मला नीट दिसेना. मला तो आठ वाटला. त्या नंबराचे त्या यादीत काही नव्हते. घरी येऊन मी दारातूनच ‘नाही’ म्हणालो.

दादा काही बोलला नाही. पाणी प्यायला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. टेकडीवर गेला असेल असे सर्वांनी धरले. संध्याकाळी वडील कचेरीतून येताना स्वतः अंक घेऊन आले, प्रवेशपत्रावरून नंबर जुळवला, आणि तृतीय श्रेणीच्या रकान्यात तो निघाला. तेव्हा दादा घरी नव्हता. रात्रीही आला नाही. पुढचे तीन दिवस आमच्या घराने जी वाट पाहिली तिच्यापुढे निकालाची वाट ही काहीच नव्हे. विहिरी पाहून झाल्या. टेकडीच्या मागची बाजू पाहून झाली. आत्या माझ्याकडे पाहत नसे आणि मला कोणी रागावतही नसे. वडिलांनी एकदाच माझा तळहात हातात घेऊन उजेडात धरला आणि सोडून दिला. चौथ्या दिवशी सकाळी उज्जैनहून निरोप आला की तो क्षिप्रेकाठी रामघाटाजवळच्या एका धर्मशाळेत आहे. वडील त्याला घेऊन आले. वाटेत त्यांनी त्याला निकाल सांगितला की नाही, हे मला आजवर कळलेले नाही. दादाने पुढे सरकारी खात्यात नोकरी केली, मुलेबाळे झाली, आणि त्या दिवसाचा त्याने मजजवळ कधी उल्लेख केला नाही.

१९६७ मध्ये माझी हायर सेकंडरीची परीक्षा झाली. पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी माळ्यावरून एक रुमाल काढला. त्यात घराण्याचे मोडी कागद होते. ‘मला आता दिसत नाही. एवढे बाळबोधीत उतरवून दे,’ म्हणाले. मला मोडी जेमतेम येत होती. रोज सकाळी दोन तास ते शेजारी बसत, अक्षर अडले की सांगत, आणि मग मी एकटा लिहीत असे. वडिलांना अर्थातच उत्तम दिसत होते. अशा रीतीने मे महिना गेला. त्या रुमालात आमच्या एका पूर्वजाने दरबारास लिहिलेल्या अर्जांचे खर्डे निघाले. मुलगा उमेदवारी करीत आहे, त्यास वडिलांच्या जागी रुजू करून घ्यावे, एवढाच आशय. पण तोच अर्ज पुनःपुन्हा, थोड्या-थोड्या फरकाने. दर खेपेस अक्षर अधिक कापरे. पुढे त्या मुलाचे काय झाले, याचा कागद रुमालात नाही. आपल्या निकालाला निदान एक दिवस असतो, तारीख असते, हे त्या खर्ड्यांवर वाकून बसलो असताना मला प्रथम जाणवले.

निकालाच्या आदल्या दिवशी दादा मुद्दाम आमच्याकडे मुक्कामाला आला. रात्री त्याने माझा नंबर एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिला, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. पहाटे तोच माझ्याबरोबर चौकात आला.

मुलींच्या निकालाविषयी चार ओळी लिहिल्याविना हा विषय पुरा होणार नाही. आमच्या धाकट्या आत्याचा निकाल लागला त्या दिवशी अंक घरात दुपारपर्यंत न उघडता पडला होता. ती प्रथम श्रेणीत आली होती. तिने स्वतःच संध्याकाळी, स्वयंपाक उरकल्यावर, कंदिलाच्या उजेडात ते पाहिले. जुन्या घरांत मुलींना निकालाचे भय फारसे नव्हते, असे कोणी कौतुकाने सांगू लागले की मला त्या न उघडलेल्या अंकाची आठवण होते. ज्या निकालावर काहीच अवलंबून ठेवलेले नाही त्याचे भय कशाला वाटेल? ती स्थिती पालटली आहे, आणि आता मुलीही रात्रभर जागतात.

आज निकाल भ्रमणध्वनीवर येतो, डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका मिळते, चौकातील गर्दी संपली. वाट पाहण्याचे दिवस थोडे कमी झाले, परंतु निकाल लागल्याच्या घटकेला तो सर्व नातलगांच्या हाती असतो. मुलाला स्वतःपुरता अवधी उरत नाही. काही गोष्टी मात्र निश्चित सुधारल्या. मध्यप्रदेशात २०१६ पासून ‘रुक जाना नहीं’ योजनेखाली अनुत्तीर्ण मुलांना पुन्हा परीक्षा देऊन वर्ष वाचवता येऊ लागले. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही प्रहरी, विनामूल्य, अनोळखी पण जाणत्या माणसाशी बोलता येते. १९६० च्या त्या दुपारी चपला घालताना दादाला असे कोणी असते तर, असा विचार मनात येतो.

हा लेख पुरेशा कागदपत्रांच्या आधारे लिहिता आला नाही, याची मला जाणीव आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुनी एंट्रन्सची प्रमाणपत्रे, अजमेर बोर्डाच्या गुणपत्रिका, गॅझेटाची कात्रणे किंवा निकालाच्या तारा अद्याप पेटाऱ्यांत असतील. मंडळाकडे त्यांच्या प्रती जमा झाल्यास एक चांगला संग्रह होईल. मूळ कागद प्रत करून लगेच परत केले जातील. नापास झालेल्यांची पत्रे कोणी जपून ठेवली असतील, तर ती आधी हवी आहेत.